राउटरांचा शेजारधर्म

आपल्याकडे चाळीत नवीन बिऱ्हाड आलं की शेजारी आधी आडनाव विचारतात, मग गाव. ओळख पटली की वाटीभर साखरेची देवाणघेवाण सुरू होते. माझा व्यवसाय साधारण हाच आहे. फक्त बिऱ्हाडांच्या जागी राउटर असतात.

राउटर म्हणजे इंटरनेटच्या चौकातला हवालदार. आलेली माहिती कुठल्या रस्त्याने पुढे पाठवायची ते तो ठरवतो. इंटरनेट हे काही एकसंध जाळं नाही. ती हजारो स्वतंत्र जाळी आहेत आणि प्रत्येकाला आपला क्रमांक आहे. या जाळ्यांनी एकमेकांना रस्ते सांगण्याची जी बोली आहे, तिचं नाव बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, थोडक्यात बीजीपी. १९८९ च्या जानेवारीत, अमेरिकेत ऑस्टिनला एका बैठकीच्या वेळी, कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर यांनी तिचा आराखडा जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर लिहून काढला. तेव्हाची ती एक निकडीची सोय होती. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडचं आपल्याकडे जे होतं, तेच तिचंही झालं. आजही सारं इंटरनेट तिच्यावर चालतं.

या बोलीत समोरच्या राउटरला 'नेबर', म्हणजे चक्क शेजारीच म्हणतात. आपण आपल्या राउटरवर लिहायचं, की माझ्या शेजाऱ्याचा पत्ता अमुक आणि त्याच्या जाळ्याचा क्रमांक तमुक. पण एकट्याने लिहून भागत नाही. पलीकडच्या कंपनीतल्या माणसानेही आपला पत्ता आणि क्रमांक त्याच्या राउटरवर लिहावा लागतो. दोन्हींकडचं जुळलं की संबंध जुळला. मग दोघं ठरावीक वेळाने, बऱ्याच राउटरांवर दर साठ सेकंदांनी, 'मी आहे' एवढाच निरोप पाठवत राहतात. तीन मिनिटं निरोप आला नाही, की शेजारी गेला असं समजून त्याने सांगितलेले सगळे रस्ते पुसून टाकले जातात.

२००६ सालची गोष्ट. मी मुंबईत एका लहान इंटरनेट कंपनीत होतो. आमचा एक पुरवठादार होता, दुसरा जोडायचा होता. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. काम अर्थातच रात्री दोन वाजता. मी आज्ञा टाइप केल्या आणि पडद्यावर 'ॲक्टिव्ह' हा शब्द आला. मागे उभे असलेले आमचे साहेब खूश. "चला, झालं एकदाचं!" मला सांगावं लागलं, "साहेब, ॲक्टिव्ह म्हणजे आपण अजून दार वाजवतोय. उघडलं नाही कुणी." हा शब्द कुणी निवडला असेल, याचा विचार मी अनेक रात्री केलेला आहे. पाऊण तासाने कळलं, की पलीकडच्या माणसाने आमच्या क्रमांकातले शेवटचे दोन आकडे उलटसुलट लिहिले होते. ते सुधारले आणि 'एस्टॅब्लिश्ड' आलं. साहेबांनी चहा मागवला.

खरी चूक मात्र माझी होती, आणि ती चहा यायच्या आत उघडी पडली. शेजाऱ्याला काय सांगायचं आणि काय नाही, याची यादी लावायची मी विसरलो होतो. यादी नसली तर राउटर भोळा असतो. पहिल्या पुरवठादाराकडून ऐकलेले साऱ्या जगाचे रस्ते, तेव्हा जवळपास दोन लाख, त्याने दुसऱ्याला सांगून टाकले. दुसऱ्यानेही ते न तपासता घेतले. वर ग्राहकाकडून आलेला रस्ता अशा कंपन्या बहुधा आधी निवडतात, कारण त्यावर पैसे मिळतात. परिणाम असा, की आमच्या आठ मेगाबिटच्या गल्लीतून त्यांची हमरस्त्याची वाहतूक घुसली. आमच्या ग्राहकांत एक रात्रपाळीचं कॉल सेंटर होतं. तिथली पोरं पंचेचाळीस मिनिटं कानाला हेडफोन लावून गप्प बसली. त्यांचा पगार कॉलच्या संख्येवर होता, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

माझी चूक गल्लीतच राहिली. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला एक खोटा रस्ता घातला. तो हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या शेजाऱ्याकडे गेला, आणि त्याने तो जगाला सांगितला. यूट्यूबचा खरा पत्ता १०२४ घरांच्या वस्तीचा होता, खोटा त्यातल्याच २५६ घरांचा. पोस्टमन जसा नुसत्या 'गिरगाव'पेक्षा 'गिरगाव, अमुक वाडी' या पत्त्यावर विश्वास ठेवतो, तसे जगभरचे राउटर अधिक नेमक्या पत्त्याकडे वळले. सुमारे दोन तास यूट्यूब जगाच्या बऱ्याच भागांत गायब होतं.

आता कोणता पत्ता कोणत्या जाळ्याचा, याची डिजिटल सहीची नोंद तपासता येते. यूट्यूबसारखा प्रकार तिने अडतो, जिथे ती तपासतात तिथे. माझ्यासारखा नाही, कारण मी सांगितलेले पत्ते मूळ मालकांच्याच नावावर होते, फक्त ते सांगणं माझं काम नव्हतं. तिथे यादीच लागते, आणि ती दोन्ही बाजूंनी.

म्हणून आता मी यादी आधी लावतो, शेजारी नंतर जोडतो. मग पलीकडच्याला फोन करून दोघांचे क्रमांक एकेक आकडा सुटा उच्चारून वाचतो. नवी मुलं हसतात. परवा एकाने विचारलं, "सर, ईमेल केलाय ना?" म्हटलं, केलाय. तरी वाच.