हात समेवर आणि ‘धा’ दोन सेकंदांनी

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी भोगलेला असणार. व्हिडिओ एडिट केला, एक्स्पोर्ट केला, कौतुकानं बघायला बसलो, आणि ओठ आधी हलतायत, शब्द मागून येतोय. माझ्या बाबतीत हे कसं झालं ते आधी सांगते, कारण या प्रकरणात करता येतील तेवढ्या चुका मी एका रात्रीत केल्या.

आमच्या गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो. माझे काका तिथे पखवाज वाजवतात. यंदा त्यांनी ठरवलं होतं, की काल्याच्या आदल्या रात्रीचं भजन आपलं शेवटचं. खांदा साथ देत नाही, पुढच्या वर्षीपासून पखवाज शिष्याकडे. म्हणून मी फोन ट्रायपॉडला लावून अख्खं भजन शूट केलं. ३४ मिनिटं. बाराव्या मिनिटाला लाइट गेली. कुणीतरी बाहेर जाऊन इन्व्हर्टरचा खटका मारेपर्यंत दहाएक सेकंद गेले असतील. तेवढा वेळ फक्त समईचा उजेड. भजन काही थांबलं नाही. काकांचा हातही नाही.

घरी येऊन मी एडिट केलं, नावं टाकली, एक्स्पोर्ट करून टीव्हीवर लावलं. काका बघत होते. सुरुवातीला मान डोलावत होते, मग डोलणं थांबलं. म्हणाले, “अगं, हे काय? माझा हात समेवर आलाय आणि ‘धा’ कुठाय?” ‘धा’ आला, पण दोन सेकंदांनी. आता बोलणाऱ्या माणसाचं चित्र असं मागंपुढं झालं तर लोक हसून सोडून देतात. पण आयुष्यभर तालात राहिलेल्या माणसाला त्याच्या शेवटच्या भजनात बेताल दाखवायचं, हे मला फार लागलं.

मग मी काय केलं? तुम्ही करता तेच. सगळा आवाज उचलला आणि दोन सेकंद पुढे ओढला. शेवट मस्त जुळला, सुरुवात बिघडली. मग एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये जाऊन जे जे बदलता येईल ते बदललं. तीन वेळा एक्स्पोर्ट, तीन वेळा तोच घोटाळा. पहाटे कधीतरी जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा तो विचारला: चूक सगळीकडे सारखी आहे, हळूहळू वाढतेय, की एका जागी उडी मारतेय?

हे बघायला दोन मिनिटं लागतात. सुरुवातीची एक टाळी बघा, मधली एक, शेवटची एक. टाळी नसेल तर ‘प’ किंवा ‘ब’ म्हणताना मिटणारे ओठ बघा.

चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी असेल, तर आधी कानातले ब्लूटूथ इअरबड काढा. खरंच. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला काही वेळा सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा लागतो. व्हिडिओ बघायची ॲप बऱ्याचदा तेवढं चित्र थांबवून घेतात, एडिटिंगची ॲप घेतीलच असं नाही. म्हणजे टाइमलाइन बरोबर असते, तुम्हाला चुकीची ऐकू येते, तुम्ही ती ‘दुरुस्त’ करता आणि एक्स्पोर्टमध्ये ती खरंच बिघडते. जुळवाजुळव नेहमी फोनच्या स्पीकरवर नाहीतर वायरच्या इअरफोनवर करा.

तरीही फरक दिसला, तर आवाज सरकवणं हा बरोबर उपाय. किती सरकवायचा? इथे एक गंमत आहे. आवाज उशिरा आलेला आपल्याला चालतो, लवकर आलेला चालत नाही. मैदानात लांबून क्रिकेट बघताना बॅट आधी फिरते, ठोका मागून ऐकू येतो, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो. डोक्याला त्याची सवय आहे. पण ठोका आधी आणि बॅट नंतर, असं निसर्गात कधी होत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या टीव्ही प्रसारणासाठीच्या शिफारशीत हे आकड्यांत आहे: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लोकांच्या लक्षात येतो, उशीर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे शंका असेल तर आवाज एक फ्रेम मागे ठेवा, पुढे नको.

चूक हळूहळू वाढत असेल, तर सरकवून काही उपयोग नाही. चित्राचं आणि आवाजाचं घड्याळ वेगळं चाललंय. उदाहरणार्थ, अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं तंत्र ठरलं तेव्हा सेकंदाला ३० फ्रेमचा वेग किंचित कमी करून २९.९७ केला गेला. ते भूत अजून आपल्या सेटिंगमध्ये बसलेलं आहे. २९.९७चं चित्र ३०च्या वेगानं चालवलं, तर तासाभरात साडेतीन सेकंदांहून जास्त फरक पडतो. आवाजाचंही तसंच. व्हिडिओत आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतात, सीडीच्या जमान्यापासून गाण्यात ४४,१००. एखाद्या सॉफ्टवेअरनं ४४,१००ची फाइल ४८,००० समजून वाचली, तर तासाचं रेकॉर्डिंग ५५ मिनिटांत संपतं आणि माणूस बारीक आवाजात बोलायला लागतो. उपाय एकच, प्रोजेक्टचे आकडे मूळ फाइलसारखे ठेवायचे, आणि तेही पहिली क्लिप टाकायच्या आधी. दाविंची रिझॉल्व्हमध्ये तर क्लिप आत घेतल्यावर प्रोजेक्टचा फ्रेमरेट बदलताच येत नाही.

आणि चूक मध्येच उडी मारत असेल, तर ती माझी केस. बाराव्या मिनिटापर्यंत सगळं चोख. लाइट गेली तिथून पुढे दोन सेकंदांचा फरक, शेवटपर्यंत तेवढाच.

फोनचा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतोय असं आपण धरतो. पण अंधार झाला की तो एकेका फ्रेमला जास्त वेळ उजेड मिळावा म्हणून वेग कमी करतो, २४ वगैरे. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. फोन काही लबाडी करत नाही, कुठली फ्रेम कोणत्या क्षणी दाखवायची याची नोंद फाइलमध्ये असते, म्हणून गॅलरीत व्हिडिओ बरोबर दिसतो. एडिटिंगची काही सॉफ्टवेअर ती नोंद नीट वाचतात, काही नुसत्या फ्रेम मोजतात आणि ३०नं भागतात. माझं दुसऱ्या जातीचं निघालं. आता हिशेब करा. दहा सेकंद अंधार, सेकंदाला ६ फ्रेम कमी, म्हणजे ६० फ्रेम गायब. ३०च्या वेगानं बरोबर दोन सेकंद. चित्र तेवढं आखडलं, आवाज आहे तेवढाच राहिला. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्येही हाच त्रास असतो, गेमिंगवाल्यांनी ऐकून ठेवा.

म्हणजे बिघाड एक्स्पोर्टमध्ये नव्हताच. क्लिप प्रोजेक्टमध्ये टाकली तेव्हाच झाला होता, मला दिसला एक्स्पोर्टनंतर. हे तपासायला मीडियाइन्फो नावाचं ॲप आहे. त्यात फाइल उघडली की फ्रेमरेटपुढे ‘व्हेरिएबल’ की ‘कॉन्स्टंट’ ते लिहून येतं. माझ्या फाइलपुढे ‘व्हेरिएबल’ होतं. मग कॉम्प्युटरवर हँडब्रेक घेतलं, ते फुकट मिळतं. मूळ फाइल त्यात टाकली, व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ३०, त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’, क्वालिटी जरा चढी. ते फोननं केलेली वेळेची नोंद वाचतं आणि जिथे फ्रेम कमी आहेत तिथे आधीचीच फ्रेम पुन्हा भरतं. फाइल मोठी होते, होऊ द्या. ही नवी फाइल एडिटला घेतली. बाराव्या मिनिटानंतरचे माझे सगळे कट दोन सेकंदांनी सरकले होते, ते हातानं परत बसवावे लागले. त्याला पर्याय सापडला नाही.

पुढच्या वेळी हे टाळायचं असेल तर आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘ऑटो एफपीएस’ बंद करता येतं. अँड्रॉइडवर फोनच्या कॅमेऱ्यात सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं ॲप वापरा, फ्रेमरेट तुम्ही ठरवता. चित्र जरा काळं येईल. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेणार असाल तर सुरुवातीला एक आणि शेवटी एक टाळी वाजवा. शेवटची सगळे विसरतात, मीही.

दुसऱ्या दिवशी काकांना परत टीव्हीसमोर बसवलं. यावेळी फक्त त्यांच्या हाताकडे बघत होते. अंधार झाला, पडद्यावर समई आणि दोन हात, तेही मधूनमधून अडखळत, कारण तिथे फ्रेम भरलेल्या आहेत. पण ‘धा’ हातावर. काका म्हणाले, “एवढं पुन्हा लाव.”

मी मागे घेतलं. चार वेळा.