प्लॉट घेताना आधी कागद, मग पैसा

दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे प्लॉट. कुणाच्या दिराने बिडकीनला घेतलेला असतो, कुणाला करमाडकडे हप्त्यावर मिळत असतो. वाळूजला कंपन्या आधीपासून होत्याच. आता शेंद्रा-बिडकीनचा औद्योगिक पट्टा झाला, समृद्धी महामार्ग आला. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या आजूबाजूला शेतात मुरूम टाकून, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकले जात आहेत.

जमिनीत पैसा घालणे वाईट नाही. पण आपला पैसा मोडलेल्या दागिन्याचा असतो, विकलेल्या शेळ्यांचा असतो, गटातून उचललेला असतो. तो एकदा अडकला की पुन्हा जमवायला वर्षे जातात. म्हणून आज आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. जागा पाहून पैसे देऊ नका, कागद पाहून द्या.

पहिला कागद सातबारा. प्लॉट ज्या गटात आहे त्याचा गट नंबर विचारा. नंबर सांगायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा. डिजिटल सहीचा सातबारा अवघ्या १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, आपला आपण काढा. त्यात तीन गोष्टी पाहा. मालक म्हणून नाव कोणाचे आहे? भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कोर्टाची नोंद आहे का? वर्ग २ असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या इनाम जमिनी पुष्कळ आहेत, म्हणून हा रकाना नीट वाचा. शहरातली जागा असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक, म्हणजे पीआर कार्ड असते.

दुसरा कागद एनए आणि मंजूर लेआउटचा. शेतजमिनीचे वाटेल तसे तुकडे पाडून विकायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने मनाई केली. तरीही गुंठा-दोन गुंठे विकले गेले. शहराच्या कडेला शंभरावर गुंठेवारी वसाहती अशाच उभ्या राहिल्या. त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना संधी दिली गेली. पण तिथल्या कुटुंबांनी एकदा विकणाऱ्याला पैसे दिले, नंतर नियमित करायचे शुल्क भरले आणि मधली कित्येक वर्षे नळ आणि रस्त्याची वाट पाहिली. तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे बदल झाले आहेत. म्हणून ‘आता सगळे माफ झाले’ हे एजंटाचे बोलणे ऐकून घ्या, पण खात्री दुय्यम निबंधक कार्यालयात आणि तलाठ्याकडे करा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

तिसरा कागद खरेदीखत. शंभर-पाचशेच्या बाँडवर नोटरी करून जमीन आपली होत नाही. मुखत्यारपत्रावरही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. दुय्यम निबंधकासमोर नोंदवलेले खरेदीखत आणि त्यानंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर लागलेले आपले नाव, एवढे झाले की व्यवहार पुरा.

आमच्या एका गटातल्या ताई तीन वर्षे हप्ते भरत होत्या. रजिस्ट्री शेवटच्या हप्त्यानंतर, असे त्यांना सांगितलेले होते. हप्ते संपले तेव्हा कळले की विकणाऱ्याने मूळ शेतकऱ्याला पूर्ण पैसे दिलेलेच नाहीत, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर आहे. ताईंकडे आज पावत्यांची जुडी आहे, जमीन नाही. सातबारा पहिल्या हप्त्याआधी काढला असता तर हे १५ रुपयांत कळले असते.

प्रकल्प मोठा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचे प्लॉट असोत किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असोत, नोंदणी लागतेच. क्रमांक महारेराच्या वेबसाइटवर टाकला की प्रकल्पाची माहिती दिसते. शिवाय करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला कायद्याने बंदी आहे. पैसे रोख देऊ नका, चेकने किंवा खात्यावरूनच द्या.

आता एक बाईपणाची गोष्ट. वडिलोपार्जित जमीन विकत घेताना विकणाऱ्याच्या बहिणींची सही आहे का, ते बघा. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे. बहिणीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलेले नसेल, तर ती उद्या कोर्टात जाऊ शकते आणि तिचे काही चुकणार नाही. आपणही कुणाच्या तरी बहिणी आहोत. स्वस्त मिळते म्हणून दुसऱ्या बहिणीचा वाटा विकत घ्यायचा का, हेही मनाला विचारा.

मग हिशेब. समजा एक लाख रुपये गटातून महिना दोन टक्क्यांनी उचलले. वर्षाचे व्याज २४,००० रुपये झाले. म्हणजे त्या एक लाखाच्या जमिनीची किंमत वर्षाला २४,००० ने वाढली, तरच आपण जिथल्या तिथे राहिलो. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, मोजणी आणि कुंपणाचा खर्च वेगळाच. मोकळा प्लॉट दरमहा काही देत नाही. कंपन्यांजवळच्या गावात स्वतःच्या जागेत बांधलेली एक खोली भाड्याने गेली तर महिन्याला काहीतरी हातात येते. म्हणून कर्ज काढून प्लॉट घेण्याआधी, आहे त्या जागेत एखादी खोली काढता येते का ते पाहा. आणि पोरीच्या शिक्षणाचा, दवाखान्याचा पैसा जमिनीत घालूच नका. जमीन घाईत विकली की हमखास पडत्या भावाने जाते.

शेवटी नाव. पैसा आपला असेल तर खरेदीखतात नावही आपले हवे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर किंवा फ्लॅट फक्त महिलांच्या नावाने घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. मोकळ्या प्लॉटला ती मिळेलच असे धरून चालू नका, आधी विचारा. गावातल्या राहत्या घरावर नवऱ्यासोबत आपले नाव लागले आहे का, तेही ग्रामपंचायतीत जाऊन पाहा. ‘घर दोघांचे’ ही मोहीम त्यासाठीच झाली होती.

मैत्रिणींनो, हे सगळे एकटीने करायचे नाही. गटातली कोणी प्लॉट घेणार असेल तर तिने सातबारा बैठकीत आणावा आणि शिकलेल्या मुलीने तो सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. मग चौघींनी मिळून वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्यावा. एजंट म्हणेल, ‘ताई, उद्या भाव वाढेल, आजच टोकन द्या.’ त्याला सांगा, ‘दादा, आमची बैठक महिन्याच्या दहा तारखेला असते. कागद तेव्हा वाचू, पैशाचे त्यानंतर बोलू.’