काचपेटीतील देशी मासे

शहरांतील पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यात आज एक काचपेटी दिसते. तीत निळा दिवा असतो, प्लॅस्टिकचे शेवाळ असते आणि चार-सहा रंगीत मासे संथपणे फिरत असतात. सोनेरी मासा मूळचा चीन देशातला, एंजल मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला, तर भांडखोर फायटर सयामचा. घरातील मुलाला ही सर्व नावे तोंडपाठ असतात. तथापि गावाबाहेरच्या ओढ्यात बोटभर लांबीचा चपळ मासा दाखवून त्याचे नाव विचारले, तर तो मुलगा “मासा” एवढेच सांगतो. वडिलांचे उत्तरही बहुधा याहून निराळे नसते. नाव ठाऊक असते ते खेड्यात बालपण गेलेल्या आजोबांना. दोन पिढ्यांत एवढे विस्मरण कसे झाले, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी तसा नाही. कारण ज्याचे नाव विसरले जाते, ते नाहीसे झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

या प्रदेशाला माशांची ओळख पूर्वीपासून आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांची वस्तीस्थाने, त्यांना रुचणारे खाद्य यांचे वर्णन त्या राजाने एखाद्या जाणत्या कोळ्याच्या बारकाव्याने केले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबई सेनेतील कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा केले व 1839 साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नवी नावे देताना त्याने अनेकदा येथल्या लोकांच्या तोंडचेच शब्द उचलले. दगडाला चिकटून राहणारा मळ्या शास्त्रात आजही ‘गारा मुल्या’ याच नावाने ओळखला जातो. कोळस माशाच्या शास्त्रीय नावात ‘कोलस’ आहे, दख्खनच्या महसीर माशाच्या नावात ‘खुद्री’ आहे, आणि वाळूत दडणाऱ्या एका छोट्या माशाच्या नावात ‘मुरे’ हा शब्द आहे. जगभरचे शास्त्रज्ञ हे शब्द नित्य उच्चारतात. शहरातील मराठी घरांतून मात्र ते मावळत चालले आहेत.

घरातील काचपेटी हे विस्मरण काही अंशी दूर करू शकेल. ती पेटी विलायती शोभेची वस्तू न राहता ओढ्याचा एक तुकडा व्हावी, एवढीच अट आहे. ही कल्पना नवी नव्हे. 1850 साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन याने काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती व गोगलगाय एकत्र ठेवून त्यांचा समतोल कसा राखता येतो, हे दाखवून दिले. 1853 साली तेथील प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. भारतात मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्राचे पोट प्रथम तेथेच पाहिले.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळणे इष्ट होईल. आरंभास दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी पुरेशी असते. तीत सुमारे 50 लिटर पाणी मावते. वाळू व दगड धरून तिचे वजन साठ किलोच्या पुढे जाते. म्हणून खालचे मेज भक्कम असावे. पेटीवर थेट ऊन पडू देऊ नये. तळाशी नदीची जाड वाळू स्वच्छ धुऊन पसरावी, चार गुळगुळीत गोटे ठेवावेत, आणि व्हॅलिस्नेरिया किंवा हायड्रिला यांसारख्या येथल्याच पाणवनस्पती लावाव्यात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना घातक असते. म्हणून ते पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे. नळाला क्लोरामीनयुक्त पाणी येत असेल, तर मात्र नुसते ठेवून भागत नाही. त्यासाठी क्लोरीन मारणारे औषध घालावे लागते.

यानंतर उतावीळ माणसाला जड जाणारी गोष्ट येते. ती म्हणजे थांबणे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो व तो विषारी असतो. वाळूत व गाळणीत वाढणारे काही सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व मग पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जंतूंची वसाहत वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत मासे भरले, तर ते एकामागून एक मरतात, आणि दोष मात्र दुकानदाराला किंवा दैवाला दिला जातो. पुढेही दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम कधीही बदलू नये.

कोणते मासे ठेवावेत, याचे उत्तर ज्या त्या प्रदेशाने द्यावे. विपुल, लहान आणि काटक जातींपासून आरंभ करणे हाच सुज्ञ मार्ग. अंगावर दोन काळे ठिपके असलेली टिक्टो ही छोटी खवली सहा-आठांच्या थव्याने ठेवावी. एकटी राहिली तर ती भेदरते. तळी व भातखाचरांत पाण्याच्या पृष्ठालगत राहणारा, डोक्यावर चकाकता पांढरा ठिपका मिरवणारा पँचॅक्स डासांच्या अळ्या आवडीने खातो. मरळीचा धाकटा भाऊबंद गचुआ हाताएवढाही होत नाही. तो हवेतून श्वास घेतो, उडी मारून पेटीबाहेर पडतो, म्हणून त्याच्या पेटीला घट्ट झाकण हवे. या माशाचे पितृप्रेम पाहण्याजोगे असते. अंडी व पिले नर आपल्या तोंडात सांभाळतो. ग्वाल्हेरकडील पाणी चंबळ व यमुना यांच्या वाटेने गंगेस मिळते. त्या गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन याने 1822 साली पट्टेरी दानियोचे वर्णन केले. ‘झेब्रा मासा’ या नावाने तो आज जगातील असंख्य प्रयोगशाळांत शरीरविज्ञानाचा साहाय्यक झाला आहे.

मळ्यासारखे वाहत्या पाण्यातले मासे मात्र नवशिक्याने ठेवू नयेत. थंड व खळाळत्या पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. 20 अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, तर 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. वैशाखात बंद खोलीतील पेटीत हा फरक जीवनमरणाचा ठरतो. जोराचा प्रवाह देणारा पंप व थंडावा यांची सोय असल्याखेरीज ओढ्याचा मासा ओढ्यातच बरा.

काही मासे तर केवळ दुर्मीळ म्हणूनच ओढ्यात राहिले पाहिजेत. केरळातील लाल रेघेचा डेनिसन मासा नव्वदीच्या दशकात परदेशी हौशी लोकांना सापडला आणि ‘मिस केरळ’ या लाडक्या नावाने त्याची एवढी मागणी झाली, की आज तो संकटग्रस्त जातींत मोजला जातो. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या बोटिया स्ट्रायाटाचे शास्त्रीय वर्णन म्हैसूरकडील प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी 1920 साली केले. कृष्णेच्या खोऱ्यातील हा मासाही त्याच वाटेवर आहे. गोवा व लगतच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणारा सेटनाय मासा 1992 साली शास्त्रज्ञांनी नोंदवला. त्याची वस्ती अगदी थोड्या प्रदेशात आहे. खानापूर तालुक्यातील डोंगरांवर पडणारा पाऊस एका बाजूने मलप्रभेच्या रूपाने पूर्वेस जातो, तर दुसऱ्या बाजूने म्हादईच्या रूपाने गोव्यात उतरतो. काही कोसांच्या अंतरावर जन्मलेल्या या दोन प्रवाहांतले काही मासे परस्परांना कधीही भेटलेले नाहीत. अशा ठिकाणी एका जाळ्याने केलेली लूट सहज भरून येत नाही. अभयारण्यात तर परवानगीवाचून मासे धरणे हा गुन्हाच आहे. वन्यजीव कायद्यातील संरक्षित जातींच्या सूची 2022 च्या दुरुस्तीने नव्याने मांडल्या गेल्या. त्या पाहिल्यावाचून कोणताही अपरिचित मासा घरी आणू नये.

माशांबरोबर कवचधारी प्राणी ठेवण्याचीही हौस वाढत आहे. ओढ्यातील लहान कोळंबी शेवाळ व उरलेसुरले अन्न टिपून पेटी स्वच्छ ठेवते. ती वेळोवेळी कात टाकते. त्या वेळी तिचे अंग मऊ असते, म्हणून लपण्यास दगडांच्या फटी हव्यात. माशांच्या रोगावर घालतात ते तांबेयुक्त औषध तिला मारक ठरते. क्रेफिश, म्हणजे शेवंडाचा गोड्या पाण्यातील आप्त, हा मात्र भारतीय उपखंडाचा मूळ रहिवासी नव्हे. तरीही तो दुकानांत विकला जातो, आणि येथेच सर्वांत मोठा धोका आहे. 1990 नंतरच्या दशकात जर्मनीतील हौशी लोकांच्या पेट्यांत संगमरवरी क्रेफिश आढळला. त्याच्यात नर नाहीतच. एकटी मादी नरावाचून शेकडो अंडी घालते व त्या सर्वांतून माद्याच जन्मतात. पुढे तो मादागास्करच्या पाण्यात शिरला आणि भातखाचरांपासून नद्यांपर्यंत पसरला. एकच प्राणी तळ्यात सोडला, तरी त्यापासून सबंध वसाहत उभी राहू शकते.

वाईट हे, की असे प्राणी बहुधा दयाबुद्धीनेच सोडले जातात. मासा मोठा झाला, पेटी अपुरी पडली, बदली झाली, की घरातील वडील मंडळी म्हणतात, “मारू नका, तळ्यात सोडा, पुण्य लागेल.” पेटी साफ करणारा म्हणून बोटभर विकत घेतलेला सकर मासा हातभर होतो. तो अशाच पुण्यकर्माने तेलंगण, आंध्र, केरळ, तमिळनाडू, बंगाल येथील पाण्यांत पोचला आहे. त्याच्या काटेरी पाठीने कोळ्यांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला किंमत नाही. एका जिवावर केलेली दया अशा रीतीने हजार जिवांवर व शेकडो कुटुंबांच्या पोटावर उलटते. म्हणून नको असलेला मासा दुसऱ्या हौशी माणसास द्यावा, दुकानदारास परत करावा. पण कोणत्याही नदी-तळ्यात सोडू नये. देशी माशाच्या बाबतीतही हाच नियम पाळावा, कारण पेटीतला रोग त्याच्याबरोबर ओढ्यात जातो. अर्थातच, ज्यांना आयुष्यभर सांभाळता येईल, तेवढेच मासे आणावेत.

देशी माशांची काचपेटी विलायती पेटीइतकी झगमगीत दिसत नाही. तिचे सौंदर्य हळूहळू उमगते. मृगाचा पाऊस सुरू होताच टिक्टोच्या नराच्या अंगावर लाली चढते. गचुआ चार दिवस अन्नाला तोंड लावत नाही, आणि मुलाला त्याच्या फुगलेल्या गालांचे कारण समजते. मग तो मुलगा ओढ्याकडे जातो तेव्हा पाण्यात वाकून पाहतो. बांध घातला गेला, सांडपाणी आले, वाळू उपसली गेली, तर काय गेले हे त्याला सांगता येते. आजोबांकडून एकेक नाव विचारून तो वहीत उतरवून घेतो. ती वही भरली, म्हणजे काचपेटीचे काम झाले असे समजावे.