पाळणाघर सुरू करायचंय?

(मंडळाच्या महिला विभागात केलेले भाषण)



पाळणाघर सुरू करून मला एकोणीस वर्षं झाली. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी फोन करून विचारतंच, "ताई, मलाही घरबसल्या पाळणाघर काढायचंय, काय काय लागतं?" आज सगळ्यांना एकदमच सांगते. सुरुवात त्या 'घरबसल्या' शब्दापासून करू. या कामात बसायला मिळत नाही!

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शाळेच्या वयाच्या मुलांची सोय झाली. त्याहून लहान मूल घराच्या भरवशावर राहिलं, पण तेव्हा घरात आजी, काकू, आत्या असायच्या. मूल कुणाच्या मांडीवर आहे, हे आईला विचारावंही लागत नसे. आता वाडे जाऊन फ्लॅट आले. सून बँकेत, मुलगा मकरपुऱ्याच्या कारखान्यात, सासूबाई गुडघ्यांनी बेजार. २०१७च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा आहे, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. पण दुकानात, छोट्या दवाखान्यात, क्लासमध्ये काम करणाऱ्या बाईने काय करायचं? ती बाळाला कडेवर घेऊन आपल्याच दाराशी येते. मराठीत आपण पाळणाघर म्हणतो, शेजारच्या बेन घोडियाघर म्हणतात. गरज दोघींची एकच.

आता मी सहसा सांगत नाही ती गोष्ट सांगते. पहिलंच वर्ष होतं. माझ्याकडे पाच मुलं आणि मी एकटी. दुपारी कुरिअरवाला आला. सही केली, तेवढ्यात आतून एक बाळ रडायला लागलं. मी दार नुसतं लोटलं आणि आत धावले. अडीच वर्षांची एक मुलगी दार ओढून जिना उतरली आणि थेट फाटकापर्यंत पोहोचली. समोरच्या इस्त्रीवाल्याने तिला पाहिलं आणि उचलून वर आणलं. सगळं मिळून पाच मिनिटं. तिला साधं खरचटलंही नव्हतं. माझा चेहरा बघून तो म्हणाला, "बेन, हुं कोईने नहीं कहुं."

मैत्रिणींनो, मला मोह झाला होता. मूल सुखरूप होतं, पाहणारा एकच आणि तोही गप्प बसायला तयार. चार महिन्यांत जेमतेम बसवलेली घडी होती, घरात त्या पैशांची गरज होती. तरी संध्याकाळी तिची आई आली तेव्हा मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. मुलीची पिशवी उचलली आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिचं बरोबरच होतं. त्याच संध्याकाळी बाकी चौघींनाही सांगितलं. आणखी एक गेली. तिघी राहिल्या. त्यांतली एक म्हणाली, "तुम्ही स्वतः सांगितलंत म्हणून ठेवते. बाहेरून कळलं असतं तर एक दिवस ठेवलं नसतं."

त्या दिवशी मला कळलं, आई आपल्याला पैसे कशाचे देते. वरणभात भरवायचे नाही. ती नसताना जे घडलं ते तिला जसंच्या तसं कळेल, याचे देते. मूल पडलं, चावलं, जेवलं नाही, तर संध्याकाळी ते आपणच सांगायचं, ती विचारायच्या आधी.

दुसऱ्याच दिवशी दाराला वर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी कडी लावली. महिन्याभरात मदतीला एक बाई ठेवली, तिची पोलीस पडताळणी करून. तेव्हापासून नियम आहे: दोघी असल्याशिवाय मुलं नाहीत, आणि सहाच्या वर मुलं नाहीत. न्हाणीघरात भरलेली बादली ठेवायची नाही. रांगत्या बाळाला थोडं पाणीही घातक असतं. तान्ह्याला पाठीवरच निजवायचं, जवळ उशी, गोधडी नको. अख्खे शेंगदाणे, फुटाणे द्यायचे नाहीत, द्राक्षं उभी चिरून द्यायची. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको. सणाच्या दिवसांत खिरापतीतले काजू-खडीसाखरेचे तुकडे आधी नजरेखालून घाला. औषध आईने लिहून दिल्याशिवाय नाही. वहीत रोजची येण्या-जाण्याची वेळ, आणि मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं. नाव वहीत नसेल तर सख्खा काका आला तरी आधी आईला फोन.

पैशांचंही स्पष्ट बोलायला शिका. आपल्याला "घरचंच आहे हो" म्हणायची सवय. मग फी पंधरा तारखेला येते आणि साडेसहाची आई आठला. फी महिन्याच्या आधी, उशिराचे वेगळे पैसे, सुट्ट्यांची यादी, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्या. सोसायटीची किंवा घरमालकाची लेखी संमती घ्या. परवाना, नोंदणी, कर यांचं जाणकाराला विचारून घ्या.

आणि मुलं नुसती सांभाळू नका. ताराबाई मोदकांनी आपल्याच गुजरातेत, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. तेवढं मोठं काम आपल्या हातून होणार नाही. पण वाट्या एकात एक बसवणं, रुमालाची घडी, छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं, यात मूल तासभर रमतं. टीव्ही लावून गप्प बसवलं तर त्याच्या हाताला काहीच काम मिळत नाही.

शेवटचं. सुरू करण्याआधी घरच्यांना विचारा. दिवसभर घर त्यांचं राहणार नाही. सासऱ्यांची दुपारची झोप जाईल, मुलांचा अभ्यास आतल्या खोलीत होईल. सगळ्यांनी मनापासून हो म्हटलं तर जरूर सुरू करा. आपल्या भागात गरज आहे, आणि मी लागेल ती मदत करीन. माझ्याकडे आलात तर वही दाखवीन आणि दाराची ती वरची कडीही. एकोणीस वर्षं झाली, अजून दार लावलं की हात आपोआप तिकडेच जातो.

गणपती बाप्पा मोरया!