बहिणीची सही, बहिणीचा हिस्सा

(कर्जत, जि. अहिल्यानगर येथे महिला मंडळांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सत्राचा विषय वारसा आणि वाटणी. मारहाणीवर, नवऱ्याने टाकण्यावर आपण शिबिरांत मोकळेपणाने बोलतो. जमिनीचं नाव निघालं की गप्प होतो. कारण इथे समोर सासर नसतं, माहेर असतं, पाठचा भाऊ असतो. पण टाकलेली बाई दोन पोरं घेऊन माहेरी येते तेव्हा तिला 'किती दिवस राहणार?' असं विचारलं जातं, ते तिथे तिच्या नावावर काहीच नसतं म्हणून. तेव्हा हे दोन प्रश्न वेगळे नाहीत.

कायदा कसा बदलत आला ते एका खटल्यावरून सांगते. सांगलीच्या दिवाणी कोर्टात हिराबाई मगदूम या विधवेने वाटणीचा दावा लावला. नवरा १९६० साली वारलेला. मागे ती, दोन मुलगे, तीन मुली. मिळकत एकत्र कुटुंबाची. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण २४ एकर रान धरू. खालच्या कोर्टाने म्हटलं, नवऱ्याच्या वाट्याचे सहा एकर, वारस सहा, तेव्हा हिराबाईला एक एकर. हायकोर्टाने ते फिरवलं आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला की, मृत्यूआधी वाटणी झाली असं कायदा धरतो ना, मग ती पुरती धरा. वाटणीत बायकोला मुलाइतका वाटा मिळतो. म्हणजे तिचे स्वतःचे सहा आणि नवऱ्याच्या वाट्यातला एक, असे सात एकर.

आता त्याच हिशेबात मुलींकडे बघा. आईला सात, मुलग्यांना सात-सात आणि तिघी मुलींना एक-एक. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगा जन्मापासून हिस्सेदार होता, मुलगी फक्त बापाच्या वाट्याची वारस.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. एकाच आईच्या पोटच्या थोरलीला नाही आणि धाकटीला आहे, असं झालं. ९ सप्टेंबर २००५ च्या देशव्यापी दुरुस्तीने लग्नाची आडकाठी काढली. तरी 'तुमचे वडील २००५ च्या आधी गेले' म्हणून मुलींना परत पाठवलं जाई. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तेही मिटवलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री उकरता येत नाही. आजच्या कायद्याने तेच २४ एकर वाटले तर आई आणि पाच लेकरं, सहा जणांना चार-चार एकर. बापाची स्वकष्टाची जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी हेच.

कागदावर चार एकर आहेत, तर ते जातात कुठे? हक्कसोडपत्रात. बाप गेल्यावर वारस म्हणून बहिणींची नावं लागतात. मग एक दिवस भाऊ गाडी घेऊन येतो, 'तायडे, एक सही लागते' म्हणतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही होते, साडीचोळी मिळते. कुकडीचं पाणी पोचलं, रस्ता मोठा झाला, जमिनीला भाव आला की सहीची घाईही वाढते. कैक घरांत आईचीही सही घेतात. हिराबाईने पंधरा-सोळा वर्षं लढून जे मिळवलं, ते एका दुपारी जातं.

हक्कसोडपत्र करायलाच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही. एखादी राजीखुशीने सोडत असेल तर तो तिचा निर्णय. पण कागद वाचून, समजून. रान भावाने कसावं, नाव मात्र सातबारावर राहू द्यावं, असाही मार्ग आहे. भाऊ म्हणतो, 'माहेर तुटेल.' त्याला विचारा, दोन भावांनी वाटणी घेतली तर त्यांचं नातं तुटतं का? आणि हे शहरी बायकांचं खूळ म्हणणाऱ्यांना सांगा की शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती कार्यक्रम खेड्यातल्या शेतकऱ्यांमध्येच चालवला आणि त्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या.

दुसरी वाट मृत्युपत्राची. बाप गेल्यावर पेटीतून कागद निघतो, सगळं मुलांच्या नावे. घाबरू नका, तीन गोष्टी विचारा. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का? सही करताना तो शुद्धीवर, समजत्या अवस्थेत होता का? आणि जमीन कुणाची? वडिलोपार्जित असेल तर तो फक्त स्वतःच्या वाट्यापुरतं लिहू शकतो, तुमचा वाटा त्याला देता येत नाही. स्वकष्टाची मात्र तो कुणालाही देऊ शकतो. 'प्रोबेट काढलं नाही' एवढ्यावर इथलं मृत्युपत्र पडत नाही. ती सक्ती मुंबईसारख्या शहरांपुरती होती.

आपणही मृत्युपत्र करावं. मूलबाळ नसलेली, टाकलेली बाई ते न करता गेली, तर तिच्या कमाईवर आईबापांच्या आधी नवऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा हक्क लागतो. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र होतं. नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली बरी.

मुस्लिम भगिनींचा कायदा वेगळा आहे. तिथे मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे, पण तोही पदरात पडत नाही. लढा एकच आहे.

गावी गेल्यावर करायचं ते सांगते. माहेरचा सातबारा आणि आठ-अ काढा. बाप वारला असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीत आपलं नाव आहे का बघा. फेरफाराची नोटीस आली तर १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुदत टळली म्हणून हक्क बुडत नाही. फेरफाराने मालकी ठरत नाही, प्रांताकडे अपील आणि दिवाणी दावा उरतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणि कुठल्याही कचेरीत एकटीने जाऊ नका. मंडळातल्या दोघी सोबत असल्या की कारकूनही नीट बोलतो आणि भाऊही. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला एक सातबारा घेऊन यावं. आपण तो मिळून वाचू.