कारंज्याचे पाणी वर कोण चढवतो?

बागेतले कारंजे पाहिले की मुले टाळ्या पिटतात. हे पाणी उडते कसे, असा प्रश्न त्यांना पडतो; आपल्याला बहुधा पडत नाही. हल्ली बाजारात उन्हावर चालणारी छोटी कारंजी मिळतात. ताटलीएवढी काळी पट्टी आणि तिच्या पोटात इवलासा पंप. घंगाळात सोडा, ऊन आहे तोवर धार उडते. ढग आला की मान टाकते, ढग सरला की पुन्हा उभी राहते. खेळणेच म्हणा ना! पण हिशेब मोठा पक्का आहे. काही वाया गेले नाही असे धरले, तरी एका वॅटच्या शक्तीने मिनिटाला सहा लिटर पाणी जेमतेम एक मीटर चढते. या हिशेबात सूट कोणालाच नाही, पेशव्यांनाही नव्हती.

पुण्याच्या शनिवारवाड्यातले हजारी कारंजे तुम्ही पाहिले असेल. नाव हजारी, पण सोळा पाकळ्यांच्या त्या कमळातून धारा १९६. तिथे पंप कुठला? कात्रजचा तलाव शहराहून उंचावर, तिथून नळाने पाणी आणलेले. त्या उताराचाच तो जोर. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीलाही हाच न्याय: डोंगराकडून बंद नळातून आलेले पाणी भिंतीत आपोआप चढते आणि हौदात कोसळते. मात्र पाणी जिथून निघाले, त्या पातळीच्या वर ते जात नाही. उंची डोंगराने दिली, राजाने फक्त नळ घातले.

आमच्या लाखांदूरकडे, वैनगंगा-चुलबंदच्या काठच्या सपाट मुलखात, कात्रजसारखा घाट नाही. पण कोहळी मंडळींची नजर मोठी तीक्ष्ण. जमिनीला जरासा उतार दिसला की त्यांनी पाळ घातली आणि तलाव केला. कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जाणारा नवेगावबांध त्यातलाच. तलाव वर, धानाच्या बांध्या खाली. तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडण्याचा अवकाश, शिवार भिजले. पाणी उचलावेच लागू नये, ही युक्ती मला हजारी कारंज्याहून थोर वाटते.

उसाला मात्र उन्हाळ्यातही पाणी लागते. म्हणून विहीर आली आणि विहिरीवर मोट. चामड्याची मोट, नाडा, सोंदूर, धावेवरून उतरणारी बैलजोडी आणि थारोळ्यात भडाभडा ओतणारे पाणी. दीडशे लिटरची मोट दहा मीटरांवरून काढायची तर सुमारे १४,७०० ज्यूल काम झाले. आता मागेल त्याला सौर कृषिपंप अशी सरकारी योजना २०२४ पासून आली आहे. तीन अश्वशक्तीचा पंप, निम्मी शक्ती वाया गेली असे धरले तरी, तीच मोट तेरा सेकंदांत उपसतो. वैरण नको, विजेचे बिल नको, रात्रीबेरात्री मोटर चालू करायला जाणे नको. शेतकऱ्याची ही सुटका मला फार मोलाची वाटते.

पण एक गोष्ट पाहा. भर दुपारी बैल सोडत, तेव्हा विहिरीलाही विसावा मिळे. झरे भरून येत. सौरपंप नेमका भर दुपारीच सर्वांत जोरात ओढतो, आणि तो दमत नाही. शिवाय उन्हाळी धान घेतले की महिनोन् महिने हेच चालायचे.

तेव्हा पंपाचा अर्ज भरण्यापूर्वी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा आणि पाण्याच्या पातळीपाशी गाठ मारा. उपसा थांबवून तासाभराने पुन्हा मोजा. विहिरीचा व्यास तीन मीटर असेल आणि पाणी दहा सेंटीमीटर चढले असेल, तर झऱ्यांनी तासाला सुमारे सातशे लिटर दिले. वर सांगितलेला पंप दहा मीटरांवरून ते पाणी मिनिटाभरात उपसून टाकील.