सातबाऱ्यावर नसलेली माणसे

प्राध्यापकी मिळाली नाही तर पुढे काय, हा प्रश्न कलाशाखेच्या पदवीधराला घरोघरी विचारला जातो. माणसांत राहून त्यांच्या रीतिभाती, नातीगोती आणि पोटापाण्याचे व्यवहार समजून घेणाऱ्या मानवशास्त्राला तर तो कायमच चिकटलेला आहे. चांदवडच्या या व्यासपीठावरून मला एवढेच मांडायचे आहे, की या विद्येची खरी निकड महाविद्यालयाबाहेर आहे, आणि तीही निर्णय होण्याआधी.

कोयना धरणाचे उदाहरण घ्या. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत, पण त्यांचे काम वर्गात मावणारे नव्हते. कोयनेच्या विस्थापितांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांसह केली. तिचा अहवाल १९६९ साली निघाला, तोवर धरण उभे राहून गावे पाण्याखाली गेली होती. उठलेली कुटुंबे ठाणे, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत पांगली, आणि पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी कोयनेचे धरणग्रस्त अगदी अलीकडेपर्यंत धरणे धरून बसत आले आहेत. पाहणी मोलाचीच होती. उशीर झाला होता तो ती करवून घेण्यात.

यावर कोणी म्हणेल, तलाठ्याचे दप्तर आहे, मोजणी आहे, मग वेगळा अभ्यासक कशाला? पण सातबारा खातेदार सांगतो. त्याच रानात वाट्याने कांदा लावणारा, खुरपणीला येणाऱ्या बाया, सुगी झाली की शेतात मेंढ्या बसवणारा धनगर यांचा त्यावर पत्ता नसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तीन वर्षे आधीपासून त्या जमिनीवर पोट असलेल्या वाटेकऱ्याला, शेतमजुराला, कारागिरालाही बाधित मानले आहे. मात्र कायद्याने मानले म्हणून माणूस यादीत येत नाही. कोणीतरी बांधावर जाऊन, कोण कोणाच्या शब्दावर कसतो हे विचारून लिहावे लागते. त्यासाठी याच कायद्यात भूसंपादनाआधी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन ठेवले आहे, आणि ते सहा महिन्यांत पुरे करायचे असते. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्याखालील संपादनाला यातून सूट आहे. मुंबई-आग्रा रस्त्यालगत राहणाऱ्यांनी ही उणीव जरूर ध्यानात ठेवावी. वनहक्काच्या नियमांतही वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आणि रूढींच्या नोंदी पुरावा म्हणून चालतात. जाहिरातीत या कामांवर ‘मानवशास्त्रज्ञ’ असे नाव क्वचितच असते. काम मात्र तेच असते.

वेळेवर गेल्याने खरेच काही बदलते का? २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा मृतांना हात लावून अखेरचा निरोप देण्याच्या रिवाजातून लागण होत होती. या रिवाजावरच्या बंदीने लोक प्रेते लपवू लागले. मानवशास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन दफनाची पद्धत बदलली: घरच्यांना लांबून का होईना हजर राहता आले, प्रार्थना करता आली. साथ आटोक्यात येण्यात इतर उपायांबरोबर याचाही वाटा होता.

सर्वांत जड आक्षेप वेगळा आहे. माणसांची नोंद सत्तेच्या हाती हत्यार होते. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आणि पारध्यांसारख्या समाजांना तो कायदा १९५२ साली रद्द झाल्यावरही त्या शिक्क्यापासून सुटका मिळाली नाही. हा आक्षेप मी खोडत नाही. पण नोंदच करू नये हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण वेळेवर नोंद न झालेल्यांच्या वाट्याला काय येते ते कोयनेने दाखवले आहे. फरक पडतो तो नोंद कोणाला वाचता येते यावर. २०१३ च्या कायद्यानुसार मूल्यमापनाचा अहवाल स्थानिक भाषेत गावाला उपलब्ध करावा लागतो. तो तपासणाऱ्या तज्ज्ञगटात दोन बिगरसरकारी समाजशास्त्रज्ञ आणि पंचायत वा ग्रामसभेचे दोन प्रतिनिधी असतात. प्रकल्प सोडून द्यावा असे या गटाने सुचवले, तरीही सरकारला पुढे जायचे असेल, तर कारणे लेखी द्यावी लागतात. तुम्ही लिहिलेल्या मराठी अहवालातली चूक ग्रामसभेत बसलेली वाटेकरीण उभी राहून दाखवू शकेल.